पाठमोरा डोंगर

बकेटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण गावातल्या निम्म्या लोकांना खरं नाव माहीत नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांना ते आठवायचा कंटाळा होता. एकतीस वर्षं त्यांनी दगडखाणीत पोकलेन चालवलं. पोकलेनचा तो लांबलचक हात, हाताच्या टोकाला दात असलेली बकेट आणि केबिनमधले दोन लिव्हर, या सगळ्यांशी त्यांचं असं काही जमायचं की एकदा पैजेवर त्यांनी बकेटच्या दाताने काडेपेटी उघडून दाखवली होती. काडी मात्र ओढता आली नाही. याची रुखरुख त्यांना निवृत्तीनंतरही होती.

त्याहून मोठी रुखरुख एकच होती आणि ती त्यांना पोटच्या मुलीने लावली होती.

मुलगी कलावंत. कलावंत म्हणजे तिने चित्रं काढावीत, अशी बकेटरावांची साधी अपेक्षा. पण ती चित्रं काढायची नाही. ती आटलेल्या तळ्याच्या भेगांमध्ये निळे धागे भरायची, रस्त्यासाठी तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांना दवाखान्यातल्यासारखी बँडेजं बांधायची, आणि मग त्याचे फोटो मोठमोठ्या शहरांत भिंतींवर लागायचे. माणसाने निसर्गाची जी वाट लावली तिला उत्तर द्यायचं, असं ती म्हणायची. बकेटरावांची त्याला ना नव्हती. द्यावं उत्तर, पण घरच्या माणसाला कशाला? तिच्या पहिल्या प्रदर्शनाची छापील पुस्तिका कुणीतरी न्हाव्याच्या दुकानात आणून टाकली, आणि न्हाव्याने नेमकं बकेटरावांच्या दोन्ही गालांना साबण लागलेला असताना पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं : “माझ्या वडिलांनी डोंगर खाल्ला.”

गालाला साबण असलेल्या माणसाला रागावून उठून जाता येत नाही. दुकानातले पाच जण पोटभर हसेपर्यंत बकेटराव आरशात स्वतःचे कान लाल होताना पाहत बसले.

“खाल्ला?” घरी आल्या आल्या ते बायकोवर उखडले. “मी खाल्ला? अगं, मी भरला. डंपरमध्ये भरला. खाल्ला असेल तर क्रशरने खाल्ला. गावातल्या एकेका घराच्या पायात तो डोंगर आहे. न्हाव्याच्या दुकानाची पायरी कशाची आहे? आणि खाल्ला म्हणे मी!”

“हे मला कशाला सांगताय? तिला सांगा.”

“मी का सांगू? तिने विचारावं.”

तिने विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. तीन वर्षं बाप-लेक फोनवर एकमेकांशी बोलले ते आईमार्फत. तिकडून “बाबांचा गुडघा कसा आहे म्हणावं” आणि इकडून “आहे तिथेच आहे म्हणावं.” आईचा कान मात्र दुखायला लागला.

आणि मग एक दिवस मुलगी स्वतःच येऊन थडकली. बरोबर एक भलीमोठी वही, गवताच्या बियांची चार पोती आणि डोक्यात एक कल्पना.

कल्पना अशी. खाण बंद पडून तीन वर्षं झाली होती. खाणीच्या अलीकडे, गावाच्या बाजूला, मुरुमाचा नि मातीचा एक प्रचंड ढीग कंपनीने तसाच टाकून दिला होता. त्या ढिगातून पूर्वीचा डोंगर पुन्हा उभा करायचा. तेवढा मोठा नाही, पण हुबेहूब तसाच. अंगावर गवत पेरायचं. डोंगर सकाळी उठून पाहावा तर आपल्या जागी, असं गावाला वाटलं पाहिजे. कंपनीने ढीग दिला होता, महिनाभरासाठी एक जुनं पोकलेन दिलं होतं, डिझेलही दिलं होतं. ऑपरेटर तेवढा दिला नव्हता.

“आई,” मुलगी जेवताना म्हणाली, “बाबांना विचार ना, महिनाभर त्यांना वेळ आहे का.”

बाबा टेबलाच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर बसले होते. “तिला सांग,” ते ताटाकडे बघत म्हणाले, “वेळच वेळ आहे.”

“मी भाजी वाढतेय,” आई म्हणाली, “टपाल नाही. एकमेकांशी बोला.”

मग ते बोलले. मुलीने सगळं समजावून सांगितलं, आणि शेवटी म्हणाली की उद्‌घाटनाला डोंगरासमोर एक पाटी लागेल. पाटीवर दोनच ओळी असतील. काय असतील ते अजून ठरलेलं नाही.

बकेटरावांचा घास हातातच राहिला. त्या क्षणापासून त्यांच्यासाठी ती सगळी कला, तो डोंगर, ती चार पोती, सगळं त्या पाटीवर येऊन ठेपलं. पुस्तिका चार लोक वाचतात आणि विसरतात. पाटी रस्त्याच्या कडेला लागते. येता-जाता प्रत्येक जण ती वाचणार, आणि बकेटराव भाजी आणायला त्याच रस्त्याने जाणार. पण खरं सांगायचं तर गावाची त्यांना तितकी फिकीर नव्हती. आपली मुलगी आपल्याला राक्षस समजते का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं, आणि ते विचारायची हिंमत नव्हती. पाटीच काय ते सांगणार होती.

आता पहिला प्रश्न : डोंगर दिसायचा कसा?

डोंगर जाऊन तेवीस वर्षं झाली होती. वरचा भाग खाणीने पहिल्या अकरा वर्षांतच संपवला, पुढची वीस वर्षं जमिनीच्या खाली खणण्यात गेली. डोंगर गेला तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. तिला फक्त “काहीतरी मोठं” एवढंच आठवत होतं. फोटो शोधले. फोटो पुष्कळ निघाले, पण ज्याने त्याने डोंगरासमोर उभं राहून काढलेले, त्यामुळे सगळीकडे माणसंच माणसं. शाळेच्या एका फोटोत मुख्याध्यापकांच्या डोक्यावर छोटंसं टोक उगवलेलं दिसत होतं. ते शिखर आहे की मुख्याध्यापकांचे केस, यावरही एकमत होईना.

शेवटी शाळेत सभा बोलावली. न्हाव्याने छातीठोकपणे सांगितलं की डोंगराला तीन शिखरं होती. निवृत्त पोस्टमन म्हणाला, तीन काय, एकही नव्हतं, माथा टेबलासारखा सपाट होता, आपण त्यावर क्रिकेट खेळलोय. नगराध्यक्षांना एक धबधबा आठवत होता. “धबधबा नव्हता साहेब,” कुणीतरी म्हणालं, “फुटलेली पाइपलाइन होती.” दोन सख्ख्या भावांनी दोन वेगवेगळे डोंगर काढून दाखवले आणि घरी जाताना वेगवेगळ्या रस्त्यांनी गेले. या सगळ्या गदारोळात बकेटरावांची बायको कोपऱ्यात सगळ्यांना चहा देत होती.

“मला विचारा,” बकेटराव उठून म्हणाले. “तुम्ही सगळ्यांनी डोंगर नुसता पाहिला. मी तो काढलाय. थर न् थर. माझ्या हातांना ठाऊक आहे.”

मुलीने वडिलांकडे पाहिलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते बघायला बकेटरावांनी मान लांब केली, पण अक्षर फार बारीक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. पोकलेन ढिगाच्या अलीकडे, गावाच्या बाजूला उभं केलं. पलीकडे नेणं शक्यच नव्हतं. ढीग आणि खाणीचा खड्डा यांच्यामध्ये जेमतेम वीस पावलांची पट्टी उरली होती, आणि तीस टनांचं मशीन खड्ड्याच्या कच्च्या काठावर न्यायला बकेटरावांचं डोकं फिरलेलं नव्हतं.

“शिखर किती उंच होतं?” मुलीने वही उघडून विचारलं.

“थांब. हातांना विचारतो.”

त्यांनी लिव्हर धरले, डोळे किलकिले केले, आणि हात आपोआप चालू लागले. तोंडाने विचारलं असतं तर त्यांना एक अक्षर सांगता आलं नसतं. हातांना मात्र सगळं पाठ होतं. डावीकडे शिखर, टणक, काळा दगड, तिथे बकेटचे दोन दात तुटले होते. मग मध्ये खिंड, मऊ मुरुम, चार महिन्यांत उरकली होती. मग उजवीकडे बसकी, गोल पाठ. हात मागे जात होते, वर चढत होते, ज्या मापाने एकेकाळी उचललं त्याच मापाने ठेवत होते. चौथ्या दिवशी ढिगातून शिखराचा खांदा बाहेर आला, तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या न्हाव्याने सायकल थांबवली आणि तो म्हणाला, “अरे, हाच की तो!” तीन शिखरांचं तो सोयीस्करपणे विसरला होता.

बाप-लेकीची भांडणं व्हायची, पण ती कामाची भांडणं होती, आणि कामाच्या भांडणाने माणसं जवळ येतात. बकेटरावांना एकही उतार वेडावाकडा पाहवत नसे. उतार झाला रे झाला की बकेटच्या पाठीने ते तो थोपटून टाकायचे.

“बाबा, इतका गुळगुळीत नको! डोंगर आहे तो, टेबल नाही.”

“गुळगुळीत कुठे, नीटनेटका आहे.”

“निसर्ग नीटनेटका नसतो.”

“म्हणूनच ही पाळी आली त्याच्यावर,” बकेटराव म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. पाटीसाठी हे वाक्य बरं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात ती दुपारची केबिनमध्ये येऊन त्यांच्या शेजारी दाटीवाटीने बसू लागली. लहानपणी तिला केबिनमध्ये बसायची बंदी होती. लिव्हर कसा धरायचा ते त्यांनी शिकवलं. तिने पहिल्याच फटक्यात गवताला पाणी घालायला आलेला टँकर चेपला. दोघं इतके हसले की टँकरवाला दुप्पट चिडला.

त्याच दुपारी तिने अचानक विचारलं, “बाबा, तुम्हाला कधी वाईट नाही वाटलं?”

“कशाचं?”

“डोंगराचं.”

बकेटरावांनी लिव्हर सोडले. हीच ती परीक्षा, हे त्यांना कळलं. उत्तर चांगलं द्यायला हवं होतं. पण ऐन वेळी जे तोंडाला आलं ते असं : “खरं सांगू का, बहुतेक वेळा मी डब्यात काय असेल याचाच विचार करायचो.”

ती हसली. पण वहीत तिने काहीच लिहिलं नाही, आणि त्या रात्री बकेटरावांनी अंथरुणात पडल्या पडल्या निदान सहा चांगली उत्तरं तयार केली. कुणी पुन्हा विचारलं नाही.

महिना भरला. गवत उगवलं, विरळ आणि पोपटी, पण उगवलं. उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मुलीने त्यांना पाटीजवळ बोलावलं आणि वरचा कागद काढला.

“हा डोंगर माझ्या वडिलांनी काढला. तो जसाच्या तसा आठवणारे गावात ते एकटेच आहेत.”

बकेटरावांनी ते तीनदा वाचलं. खाल्ला नव्हे, काढला. आणि एकटेच. मग ते ऑइल तपासायचं निमित्त करून पोकलेनच्या मागे गेले आणि बराच वेळ ऑइल तपासत राहिले. परत आले तेव्हा डोळ्यांत मुरुम गेल्याचं त्यांनी जाहीर केलं. त्या रात्री ते दोन वेळा जेवले.

सकाळी स्वयंपाकघरात बायको खिडकीशी उभी राहून चहा करत होती. खिडकीतून डोंगर दिसत होता. बकेटराव मागे येऊन उभे राहिले, हात कमरेवर, अगदी मालकासारखे.

“कसा झालाय?”

“छान झालाय,” ती म्हणाली. “फक्त उलटा आहे.”

“म्हणजे?”

“शिखर उजवीकडे होतं ना. इकडे डावीकडे गोल पाठ, मध्ये खिंड आणि उजवीकडे शिखर. तुम्ही डावीकडे केलंय.”

“काहीतरीच काय! माझ्या हातांना पाठ आहे. शिखर डावीकडेच होतं.” आणि ते पटवून द्यायला त्यांनी साखरेचा उंच डबा टेबलावर ठेवला. हे शिखर. शेजारी पालथा कप, ही पाठ. “हे बघ. मी इथे बसायचो, खाणीत. डोंगर माझ्यासमोर. डावीकडे शिखर. आणि डोंगराच्या पलीकडे गाव. म्हणजे तू तिकडे, त्या खुर्चीत…”

ते बोलायचे थांबले. मग सावकाश टेबलाला वळसा घालून त्या खुर्चीत जाऊन बसले. साखरेचा डबा उजवीकडे होता. ते उठले, परत आपल्या जागी आले. डावीकडे. पुन्हा पलीकडे गेले. उजवीकडे. तिसऱ्या खेपेला बायकोने त्यांच्या हातात चहाचा कप दिला, म्हणजे निदान ते एका जागी बसतील.

अकरा वर्षं त्यांनी डोंगर मागून पाहिला होता. तेव्हा ते पलीकडे होते, आता अलीकडे होते, आणि हातांनी आपलं डावं ते डावं ठेवलं होतं. अख्खा डोंगर त्यांनी गावाकडे पाठ करून उभा केला होता.

“तू महिनाभर का नाही बोललीस?”

“मला कुणी विचारलं? सभेत पोस्टमन बोलला, नगराध्यक्ष बोलले, न्हाव्याची तीन-तीन शिखरं झाली. मी चहा देत होते. आणि मला वाटलं, कलेत असतं असं काहीतरी.”

“पण तुला इतकं पक्कं कसं आठवतं?”

“लग्न होऊन आले तेव्हा या घरात कुणी बोलायला नव्हतं. तुम्ही उजाडायच्या आत जायचात, अंधार पडल्यावर यायचात. मी इथे उभी राहून चहा करायची आणि त्याच्याकडे बघायची. ऊन आधी शिखरावर यायचं, मग खिंडीत उतरायचं. अकरा वर्षं.” तिने गाळणी झटकली. “जाऊ दे. मी कुणाला सांगणार नाही. पोरीने किती छान लिहिलंय तुमच्याबद्दल.”

बकेटराव डोंगराकडे निघाले तेव्हा त्यांचा गुडघाही दुखत होता आणि बाकी सगळंच दुखत होतं. सांगितलं तर ती पाटी उतरणार. ज्याला घरासमोरचा डोंगर कुठल्या तोंडाने उभा होता हेही ठाऊक नाही, तो माणूस “जसाच्या तसा आठवणारा” कसला? नाही सांगितलं तर कुणालाही कळणार नाही. बायकोने तर शब्दच दिला होता. गप्प बसणं इतकं सोपं होतं की बकेटरावांनी ते जवळजवळ पक्कं केलं.

समारंभाला सगळा गाव लोटला होता. नगराध्यक्ष माइकसमोर आले आणि त्यांनी डोंगराकडे बोट केलं. “हेच ते शिखर,” ते म्हणाले, “डावीकडचं! लहानपणी मी शंभर वेळा या डाव्या शिखरावर चढलो आहे.” टाळ्या. “मी पहिल्या सभेपासून म्हणत होतो, शिखर डावीकडेच,” न्हावी शेजाऱ्याला म्हणाला. निवृत्त पोस्टमनही मान हलवत होता. बघता बघता गावात एकही माणूस असा उरला नाही ज्याला शिखर डावीकडे आठवत नव्हतं.

बकेटरावांची नजर बायकोकडे गेली. ती गर्दीच्या शेवटी उभी होती आणि स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

मग त्यांना एकदम लख्ख कळलं. खरा डोंगर आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, तिच्या डोक्यात, आणि हे सगळे मिळून तो तिथूनही काढत होते. दुसऱ्यांदा. आणि मशीन याही वेळी बकेटरावांचंच होतं.

“साहेब!” बकेटराव ओरडले. “थांबा. डोंगर उलटा आहे.”

नगराध्यक्षांचं वाक्य अर्ध्यात तुटलं. बकेटराव पुढे झाले आणि माइकवर सगळं सांगून टाकलं, साखरेच्या डब्यासकट. “मी तो मागून पाहिलाय, तुम्ही पुढून. शिखर उजवीकडे होतं. हे मला माझ्या बायकोने सांगितलं. तिला आठवतं. मला आठवत नाही, ती पाटी खोटी आहे.”

असा गोंधळ उठला की विचारू नका. “मी म्हणतच होतो, उजवीकडे!” न्हावी गरजला. पोस्टमनने त्याचा दंड धरून त्याला आठवण करून दिली की आत्ताच तो काय म्हणाला होता. नगराध्यक्ष शंभर वेळा कुठे चढले, हा एक नवाच प्रश्न निर्माण झाला. मुलगी पांढरीफटक पडली होती. बकेटरावांना तिच्याकडे पाहवेना.

“मागून,” ती स्वतःशीच म्हणाली. मग मोठ्याने, “म्हणजे मागून पाहिला तर बरोबर दिसेल?”

“दिसेल. पण मागे खाण आहे. फाटकाला कुलूप आहे, आणि किल्ली कंपनीकडे.”

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही काडेपेटी उघडता ना?”

बकेटरावांनी पोकलेन फाटकाशी नेलं आणि डब्याचं झाकण काढावं तसं ते फाटक बिजागऱ्यांवरून अलगद उचलून बाजूला ठेवलं. गाव रांगेने आत शिरला. ढिगाला वळसा घालून, जपून पावलं टाकत, एकेक जण त्या वीस पावलांच्या पट्टीवर येऊन उभा राहिला आणि वळून डोंगराकडे बघू लागला. डावीकडे गोल पाठ, मध्ये खिंड, उजवीकडे शिखर.

“हां,” बकेटरावांची बायको म्हणाली. “हाच.” आणि तिने डोळ्यांना पदर नाही, सरळ हाताचा पंजा लावला.

या वेळी कुणी वाद घातला नाही. खिंडीतून पलीकडचं गाव दिसत होतं. घरं, शाळेची भिंत, पूल, सगळं त्याच काळ्या दगडाचं. मग कुणाला तरी मागून वारा लागला म्हणून त्याने मान वळवली, आणि त्याचं पाहून दुसऱ्याने, आणि हळूहळू सगळ्यांनीच.

खड्डा गावातल्या बहुतेकांनी कधी पाहिलाच नव्हता. कुंपण होतं, “प्रवेश बंद” होतं, आणि कुणाला काय पडलं होतं? तो पायांपासून सुरू होत होता आणि खाली, खूप खाली, हिरव्या पाण्यापर्यंत जात होता. पलीकडच्या कडेवरचं झुडूप मुंगीएवढं दिसत होतं.

“एवढं सगळं गेलं कुठे?” न्हावी हळू आवाजात म्हणाला. मग खिंडीतून त्याने आपल्या दुकानाची पायरी शोधली. नगराध्यक्षांच्या हातात अजून फीत कापायची कात्री होती, ती त्यांनी गुपचूप खिशात घातली.

“मला वाटायचं, डोंगर संपल्यावर तुम्ही एखादा कोपरा खणत असाल,” बायको म्हणाली. ती रागावली नव्हती. तिचा नुसता विश्वास बसत नव्हता.

लोक परत फिरू लागले. बकेटराव तिथेच उभे राहिले. मुलगी जवळ आली, हातात वही होती.

“पाटी इकडे आणावी लागेल,” ती म्हणाली. “बघायचं तर इथूनच बघायला हवं. आणि मजकूर बदलावा लागेल. आठवतं ते आईला.”

“बदल.”

“तुमच्याबद्दल काय लिहू?”

“लिही, माझं चुकलं.”

“अहो बाबा,” ती हसून म्हणाली, “डावं-उजवं कुणाचंही होतं. आणि चुकलं म्हणून तर एवढे सगळे लोक इथपर्यंत आले. माझ्या सगळ्या कामांत हे सगळ्यात चांगलं काम झालंय.”

बकेटराव खाली पाण्याकडे बघत होते. खड्ड्याच्या कडांतला थर न् थर त्यांना ओळखू येत होता. कुठल्या वर्षी कुठवर आलो, मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा कुठे होतो, तिची शाळा संपली तेव्हा कुठे.

“डाव्या-उजव्याचं नाही म्हणत मी,” ते म्हणाले.

मुलीचं हसू थांबलं. तिने वही उघडलेली होती, पेनचं टोपण काढलेलं होतं. तिने ते परत लावलं, आणि काही न लिहिता त्यांच्या शेजारी खड्ड्याच्या काठावर बसू लागली.

“तिथे नको, कच्चं आहे,” बकेटराव म्हणाले. त्यांनी हाताला धरून तिला दोन पावलं मागे घेतलं, बुटाने जमीन ठोकून पाहिली, आणि मग दोघं बसले.